जुनी दुनळी वाचायची कशी?

‘बारा बोअर’ हा शब्द आपल्याकडे गावोगाव ठाऊक आहे. पीकसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक एखाद्या वाड्यात असते, निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते, मतमोजणी झाली की घरी येते. पण बाराच का, हे सहसा कुणी विचारत नाही. हिशेब असा आहे: नळीच्या भोकात नेमकी बसेल अशी शिशाची गोल गोळी ओतायची. अशा बारा गोळ्या मिळून एक पौंड भरला, तर बंदूक बारा बोअरची. एक गोळी साधारण ३८ ग्रॅमची, व्यास साडेअठरा मिलिमीटरच्या आसपास. एका पौंडात वीस गोळ्या मावल्या तर वीस बोअर, म्हणजे नळी आणखी बारीक. आकडा चढला की नळी उतरते. इचलकरंजीच्या किंवा मालेगावच्या माणसाला हे पटकन कळेल, कारण सुताचा काउंटही असाच चालतो. एका पौंडात जितक्या जास्त लड्या, तितकं सूत बारीक.

हा उलटा हिशेब डोक्यात ठेवून अमेरिकेकडे वळू. १८६०च्या दशकापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेच्या ईशान्य भागात, विशेषतः कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क या दोन राज्यांत, छऱ्याच्या दुनळी बंदुका बनवणारे मोठे कारखाने होते. मेरिडनचे पार्कर ब्रदर्स, सिरॅक्यूज आणि नंतर फुल्टनची एल. सी. स्मिथ, सिरॅक्यूजचीच लेफीव्हर, इथाका गावाची इथाका आणि थोडी दक्षिणेला फिलाडेल्फियाची फॉक्स. यांतला एकही कारखाना आज त्या जागी तशी दुनळी बनवत नाही. बंदुका मात्र आहेत. एकट्या पार्करने सुमारे २ लाख ४२ हजार बनवल्या. त्या जपायच्या म्हणजे नेमकं काय जपायचं, यावर तिथल्या संग्राहकांमध्ये आणि कारागिरांमध्ये कायम वाद चालतो. वाद कळायला आधी वस्तू कळली पाहिजे.

एक सांगून टाकतो. बंदुकीबद्दल मला भक्तिभाव नाही. ज्या काळात या कारखान्यांची भरभराट झाली, त्याच काळात बाजारात विकण्यासाठी पाखरं मारणाऱ्या शिकाऱ्यांनी अमेरिकेचं आकाश रिकामं केलं. कधीकाळी ज्यांचे थवे सूर्य झाकायचे, त्या पॅसेंजर कबुतरांपैकी शेवटचं १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेलं. हे ठाऊक असूनही एखादी चांगली जुनी दुनळी उघडून बघितली की हात थबकतो. घड्याळजीच्या दुकानात मागचं झाकण उघडलेलं घड्याळ बघताना थबकतो, तसाच.

चार्ल्स पार्कर मुळात कॉफी दळायच्या चक्क्या बनवायचा. पुढे लोखंडी शेगडे, दिवे, कड्याकोयंडे अशा शेकडो वस्तू. यादवी युद्धात सरकारकडून रायफलींचं कंत्राट मिळालं. युद्ध संपलं, यंत्रं आणि माणसं रिकामी झाली, म्हणून कारखाना छऱ्याच्या बंदुकांकडे वळला. पुढे मेरिडन शहराचा पहिला महापौरही तोच झाला. ही गोष्ट साधी वाटते, पण त्यात अमेरिकी बंदुकीचा स्वभाव दिसतो. इंग्लंडमधली उंची दुनळी माप घेऊन शिवलेल्या कोटासारखी, एका गिऱ्हाइकासाठी बनायची. अमेरिकेतली दुनळी हार्डवेअरच्या दुकानात खिळ्यामोळ्यांच्या शेजारी विकली जायची. सुटे भाग यंत्रावर कापले जायचे, पण शेवटची जुळणी हातानेच व्हायची. यंत्र आणि हात यांची सीमा कुठे आहे, ते शोधण्यातच या बंदुकांची खरी मजा आहे.

ती हाताची जुळणी म्हणजे काय ते बघू. दुनळीचे तीन तुकडे होतात: नळ्या, मधला पोलादी ठोकळा (याला ॲक्शन म्हणतात) आणि लाकडी दस्ता. नळ्या बिजागरीवर खाली वाकतात, काडतुसं घातली की वर येऊन बंद होतात. बंद झाल्यावर नळ्यांचं मागचं तोंड ठोकळ्याच्या भिंतीला असं टेकलं पाहिजे की मध्ये केसही जाऊ नये. यंत्र तिथवर पोचत नाही. कारागीर दिव्याची काजळी नळीच्या पृष्ठावर फासतो, बंदूक बंद करतो, उघडतो. जिथे काजळी उमटली तिथे धातू धातूला लागतोय. तेवढाच ठिपका कानशीने हलकेच घासायचा, पुन्हा काजळी, पुन्हा बंद. असं करत करत काळा डाग सगळीकडे सारखा उमटेपर्यंत. लाकडाचं तसंच. दस्त्यातली खोबण पोलादाच्या आकाराला बसेपर्यंत काजळी लावून कोरत राहायची. आपल्याकडे दातांचा डॉक्टर नवी टोपी बसवताना निळा कागद चावायला देतो, ते हेच तंत्र.

आता दोन नळ्या शेजारी शेजारी जोडायच्या. सरळ समांतर जोडल्या तर चालेल असं वाटतं, पण चालत नाही. उजवी नळी झाडली की धक्का बंदुकीच्या मध्यावर बसत नाही, थोडा उजवीकडे बसतो, आणि बंदूक उजवीकडे सरकते. डावीचं उलट. म्हणून दोन्ही नळ्या पुढे किंचित एकमेकींकडे झुकलेल्या ठेवतात, म्हणजे दोन्हींचे छरे एकाच ठिकाणी पडतात. मागच्या टोकाला नळ्या भट्टीत पक्क्या जोडायच्या, आणि मधल्या फटीवर वरून-खालून पोलादाच्या लांब पट्ट्या डाख देऊन बसवायच्या. हा डाख कुठे सुटलाय का, हे बघायची तऱ्हा आपल्याला परकी नाही. नळ्या काढून दोरीला लटकवायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. कुंभाराकडून माठ घेताना वाजवून घेतात ना, तसंच. घंटेसारखा लांबणारा नाद आला तर पट्ट्या घट्ट. बद्द आवाज आला किंवा गुणगुणल्यासारखं झालं, तर आत कुठेतरी डाख सुटलाय आणि तिथून गंज शिरलाय.

नळीचं पोलाद ही वेगळीच कथा. सुरुवातीच्या बऱ्याच दुनळ्यांच्या नळ्या डमास्कस जातीच्या होत्या. नावाचा सिरियाशी संबंध नावापुरताच. हे काम मुख्यतः बेल्जियममधल्या लिएजच्या आसपास चालायचं आणि नळ्यांचे कच्चे नग बोटीने अमेरिकेत यायचे. पार्करनेही स्वतः काही बनवून बघितल्या. पद्धत अशी: लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या एकाआड एक रचून तापवायच्या, ठोकून एक कांब करायची, ती कांब तापलेली असतानाच दोरीला पीळ द्यावा तशी पिळायची. अशा दोन-तीन कांबा शेजारी ठेवून रिबीन करायची, ती रिबीन लोखंडी दांड्याभोवती सर्पिल गुंडाळायची आणि पुन्हा ऐरणीवर ठोकून सांधे एकजीव करायचे. शेवटी नळीला ठरवून हलका गंज चढवायचा. लोखंड आणि पोलाद वेगवेगळ्या छटा धरतात आणि नळीवर वेटोळ्यांची, पाण्याच्या भोवऱ्यांसारखी नक्षी वर येते. ती रंगवलेली नसते. ती धातूच्या आतपासून आलेली असते.

हे सौंदर्य पुढे अडचण झालं. १८९०च्या दशकात धूर न करणारी नवी दारू सर्रास वापरात आली. काळ्या दारूचा दाब लवकर चढतो आणि उतरतो, नव्या दारूचा दाब वेगळ्या वळणाने चालतो आणि नळीत पुढेपर्यंत टिकतो. डमास्कस नळीत शेकडो सांधे आहेत, त्यातला एखादा आतून गंजलेला असला तर बाहेरून दिसत नाही. म्हणून एकसंध पोलादाच्या नळ्या आल्या, आणि कंपन्यांनी त्यांना व्हल्कन, टायटॅनिक, ॲक्मे अशी भारदस्त नावं दिली. आजही जुन्या डमास्कस नळीत आजचं काडतूस घालू नये, हा पहिला नियम आहे. शिवाय त्या काळच्या काही बंदुकांचं काडतुसाचं घर आजच्या काडतुसापेक्षा आखूड असतं. काडतूस आत जातं, पण उडाल्यावर त्याचं तोंड उलगडायला जागाच उरत नाही, आणि दाब वाढतो.

आता बंदूक वाचायला घेऊ. समजा टेबलावर एक पार्कर आहे. नळ्या काढून उलट्या करा. खालच्या सपाट भागावर अनुक्रमांक असतो, आणि त्याच्या जवळपास एक लहानसा आकडा, त्याच्या डोक्यावर आणखी छोटा आकडा, घातांकासारखा. तो घातांक नाही, ते वजन आहे: पौंड आणि औंस. कारखान्यात शेवटचं घासकाम व्हायच्या आधी नळ्या किती भरल्या, ते तिथे ठोकून ठेवलंय. तराजूवर आज ठेवून बघा. थोडी घट अपेक्षितच आहे. पण घट बरीच जास्त दिसली तर मधल्या काळात कुणीतरी आतून गंज काढण्यासाठी नळी घासून पातळ केलीय. शंभर वर्षांमागच्या एका कामगाराने ठोकलेला आकडा आजच्या विक्रेत्याच्या तोंडाला कुलूप लावू शकतो, हे मला फार आवडतं.

मग ठोकळ्यावरचा रंग बघा. निळा, तपकिरी, गवताळ पिवळा, जांभळट, असे ढगांसारखे मिसळलेले रंग दिसतील. हाही वरून लावलेला रंग नाही, शाई नाही. ठोकळा मऊ पोलादाचा असतो, म्हणजे कोरीवकाम करता येतं. कोरून झाल्यावर त्याची कातडी कडक करायची. त्यासाठी जळकी हाडं आणि लाकडी कोळसा यांच्या भुकटीत भाग पुरून, डबा बंद करून, सातशे-आठशे अंश सेल्सियसला तास-दोन तास तापवतात. कोळशातला कार्बन पोलादाच्या वरच्या थरात मुरतो. मग सगळं एकदम थंड पाण्यात ओततात. लोहार पोलादाला पाणी देतो तेच, फक्त इथे पाण्यात हवेचे बुडबुडे सोडलेले असतात. कुठे बुडबुडा लागला, कुठे पाणी, कुठे कोळशाचा तुकडा चिकटून राहिला, त्यावरून रंग ठरतात. दोन ठोकळ्यांवर सारखे ढग कधीच उठत नाहीत. वापरून आणि उन्हात राहून हे रंग उडतात, तळहात जिथे लागतो तिथे आधी, आणि कोपऱ्याकोपऱ्यांत शेवटपर्यंत राहतात.

इथेच वाद पेटतो. रंग उडालेला ठोकळा पुन्हा हाडकोळशात घालून नवा करता येतो. न्यूयॉर्क राज्यात ब्लूमफील्ड इथे टर्नबुलची कार्यशाळा यासाठीच प्रसिद्ध आहे, आणि काम उत्तम होतं. पण नव्याने तापवताना ठोकळा किंचित वाकू शकतो, कोरीवकामाच्या कडा आधी पॉलिशने बोथट झालेल्या असतात, आणि मुख्य म्हणजे कोपऱ्यात उरलेला तो मूळ रंग कायमचा जातो. म्हणून बरेच संग्राहक म्हणतात की वस्तू मूळ स्थितीत एकदाच असते. मला ही बाजू जास्त पटते. मूर्तीला दरवर्षी ऑइलपेंट देणाऱ्या आपल्या देवळांनी काय गमावलं ते आपण बघतोच की! पण दुसरी बाजू अगदी पोकळ नाही. दस्ता तुटलेली, गंजाने खाल्लेली, आधीच कुणी ग्राइंडर फिरवलेली बंदूक ‘जपली’ म्हणून तशीच ठेवण्यात अर्थ नसतो. तिथे नव्याने केलेलं कामच त्या कलेला जिवंत ठेवतं, कारण हाडकोळशाची भट्टी वर्षातून एकदा पेटवून कुणी कारागीर होत नाही.

स्क्रू बघा. चांगल्या बंदुकीत स्क्रूची खाच सुरीच्या धारेसारखी बारीक असते आणि बहुतेक खाचा नळीच्या दिशेत सरळ लागलेल्या असतात. घरातला पेचकस टोकाकडे पाचरीसारखा असतो, तो खाचेत फक्त वर टेकतो, जोर लावला की निसटतो आणि खाचेचे ओठ फाटतात. बंदुकीचा कारागीर प्रत्येक खाचेसाठी पात्याचं टोक समांतर घासून घेतो. फाटलेले ओठ दिसले की समजायचं, आत कुणीतरी घाईने शिरला होता. वरचा खटका बघा, ज्याने बंदूक उघडते. नव्या पार्करमध्ये तो मध्यरेषेच्या थोडा उजवीकडे थांबतो. झीज होत गेली की मध्यावर येतो, आणि मग डावीकडे जातो. गाडीच्या मीटरसारखं, फक्त हे मीटर मागे फिरवणं कठीण. शेवटी दस्त्याचं लाकूड. उभ्या ठेवलेल्या बंदुकीत तेल वर्षानुवर्षं खाली झिरपतं आणि ठोकळ्याशेजारचं अक्रोडाचं लाकूड काळं, मऊ, स्पंजासारखं होतं. माया करणाऱ्या मालकाने जास्त तेल घातलं म्हणून दस्ता गेला, अशी उदाहरणं ढिगाने आहेत.

प्रत्येक कारखान्याची खोड वेगळी. एल. सी. स्मिथच्या बंदुकीत चाप-घोड्याचं यंत्र बाजूच्या पट्ट्यांवर बसवलेलं असतं, त्यासाठी लाकूड जास्त कोरावं लागतं, म्हणून त्या पट्ट्यांच्या मागे दस्त्याला बारीक तडा जाणं हे जवळपास ओळखचिन्हच. (हा स्मिथ पुढे बंदुकांचा धंदा विकून टाइपरायटरकडे वळला. स्मिथ-कोरोना हे नाव त्याच घराण्यातलं, आणि सिएटलमधला १९१४चा स्मिथ टॉवरही.) डॅन लेफीव्हरने घोडे आत लपवलेली बंदूक अमेरिकेत सुरुवातीलाच आणली. ॲन्सली फॉक्सची बंदूक उघडली तर कुलपात, म्हणजे चाप-घोड्याच्या यंत्रात, इतके कमी भाग दिसतात की कुणी काही काढून तर नेलं नाही ना, असं वाटावं. घोडा आणि त्याची टोचणी एकाच तुकड्यात, आणि तुटणाऱ्या चपट्या स्प्रिंगऐवजी वेटोळ्याची. माझं मत विचाराल तर डोकं फॉक्सचं, देखणेपण पार्करचं. १९०९ साली थिओडोर रूझवेल्ट आफ्रिकेला गेले तेव्हा फॉक्सने त्यांना एक बंदूक भेट दिली होती. ती २०१०च्या लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरला गेली. अर्थात त्यातला मोठा भाग रूझवेल्टांच्या नावाचा.

मग हे सगळं बंद का पडलं? पाखरांबद्दलचे कायदे कडक झाले, १९१८ साली स्थलांतरित पक्ष्यांना संरक्षण मिळालं, पण ते एकमेव कारण नाही. विंचेस्टर कंपनीची १९१२ची एकनळी पंप बंदूक (नळीखालची मूठ मागेपुढे ओढली की पुढचं काडतूस भरलं जाणारी) जवळपास पूर्ण यंत्रावर बनायची, पाच-सहा काडतुसं घ्यायची आणि दुनळीपेक्षा स्वस्त पडायची. मग १९२९ची मंदी आली. काजळी लावून घासणाऱ्या माणसाचा पगार कोण देणार? फॉक्स त्याच सुमारास सॅव्हेज कंपनीकडे गेली, पार्कर १९३४ साली रेमिंग्टन या बंदूक कंपनीने घेतली आणि युद्धाच्या वेळी थांबली. इथाकाच्या दुनळ्या १९४८ला संपल्या, आणि एल. सी. स्मिथच्या फुल्टनच्या कारखान्याची तर १९४९ साली आतली फरशीच कोसळली. इथाकाच्या धबधब्याशेजारच्या कारखान्याने मागे आणखी एक वारसा ठेवला: दरीच्या मातीत शिसं. सरकारला ती माती साफ करावी लागली.

शिशाचं हे प्रकरण जुन्या बंदुकांना दुसऱ्या बाजूनेही भिडलं. पाणपक्षी छरे गिळून विषबाधेने मरतात म्हणून १९९१पासून अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाचे छरे बंद झाले. पर्याय पोलादाच्या छऱ्यांचा. ते जुन्या नळीला सोसत नाहीत, कारण नळीचं तोंड किंचित अरुंद केलेलं असतं आणि कडक छरे तिथे दबत नाहीत. या अरुंदपणाला चोक म्हणतात. बागेच्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाण्याची धार लांब जाते, थोडं तसंच. पूर्ण चोकच्या नळीतून ४० यार्डांवर तीस इंची वर्तुळात साधारण सत्तर टक्के छरे पडावेत, असा दंडक. हे सगळं घडतं नळीच्या शेवटच्या काही इंचांत, आणि फरक एक मिलिमीटरच्या आसपासच. आता जुन्या बंदुका वापरणारे बिस्मथ या धातूचे महाग, पण मऊ छरे घेतात.

राहिले कागद. मला विचाराल तर जपण्यासारखी सगळ्यात नाजूक वस्तू हीच. वायोमिंगमधल्या कोडी गावच्या संग्रहालयात विंचेस्टरच्या आणि एल. सी. स्मिथच्या कारखान्यांच्या वह्या आहेत. पार्करच्या ऑर्डरच्या वह्या रेमिंग्टनकडे गेल्या, सगळ्या नाही पण बऱ्याचशा टिकल्या, आणि संग्राहकांच्या संघटनेने त्यांतून माहिती काढून द्यायची सोय केली. अनुक्रमांक कळवायचा, शुल्क भरायचं, आणि पत्र येतं: ऑर्डर कधी आली, कुठल्या दुकानाकडे गेली, बोअर कुठला, नळ्या किती इंच, किंमत काय.

अशा पत्राचं काय करतात ते शेवटी सांगतो. पत्र म्हणतं, नळ्या तीस इंच, दोन्ही पूर्ण चोक. टेबलावरची बंदूक मोजली तर अठ्ठावीस भरते. मोजपट्टी नसली तरी नळ्यांच्या तोंडाकडे बघून शंका येतेच. दोन्ही नळ्या पुढे एकमेकींकडे झुकलेल्या असतात, त्यामुळे कारखान्यातून आलेल्या बंदुकीची तोंडं एकमेकींना चिकटलेली दिसतात. इथे मध्ये एक बारीक फट आहे, आणि ती कुणीतरी डाख ओतून बुजवलीय. झाडीत जवळून उडणाऱ्या पाखरांसाठी छरे लवकर पसरावेत म्हणून कुणा शेतकऱ्याने करवतीने दोन इंच कापले असणार, आणि चोक त्याच दोन इंचांत होता.